न्हाव्याची डावी टाच

तिला सगळे जोडीताई म्हणत. हे नाव काही आईबापांनी ठेवलेले नव्हते. कामावरून पडले आणि असे चिकटले, की गॅसवालासुद्धा जिन्याखालून "जोडीताई, सिलिंडर!" अशीच हाक मारी.

बुटांच्या फॅक्टरीत एका पट्ट्यावरून डावे बूट येत, दुसऱ्यावरून उजवे. दोन्ही पट्टे जिथे संपत तिथे एका लांब टेबलाशी ती उभी असे. डावा उचलायचा, उजवा उचलायचा, टाचेला टाच लावून डोळ्यांसमोर धरायचे. चामड्याची छटा एकच आहे ना, मागची शिवण एका उंचीवर आली आहे ना, एखादे टोक दुसऱ्यापेक्षा पुढे तर गेले नाही ना. जुळले तर खोक्यात, नाही जुळले तर लाल टोपलीत. अशी एकवीस वर्षे गेली. लग्न झाले, मुलगी झाली, मुलगी शिकून नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेली, आणि ही आपली तिथेच, डावा-उजवा, डावा-उजवा.

नजर मात्र अशी तयार झाली होती की नखाएवढा फरक तिला चार हातांवरून कळे. घरात पडद्याची एक कड बोटभर खाली असली तर तिच्या घशाखाली घास उतरत नसे. नवरा पाण्याचे मीटर वाचणारा. दिवसभर लोकांच्या जिन्यांखाली वाकून कंबर धरलेली, पण जिभेला विश्रांती म्हणून नाही. तो पाहुण्यांना सांगायचा, "मी हिच्यासमोर येण्याआधी दोन्ही बाह्या सारख्या दुमडून येतो. नाहीतर मलाही लाल टोपलीत टाकायची."

पाहुणे हसत. तीही हसे. पण अलीकडे हसतानाही ती दमत असे. संध्याकाळी बादलीत कोमट पाणी घेऊन पाय बुडवून बसायची. पायांचा ठणका तासाभराने उतरायचा, पण त्याच्या मागचा जो शीण होता तो काही उतरायचा नाही. सकाळी ती उठे, तर तो तिच्याआधी उठून बसलेला असे. देवापुढे हात जोडले की काय मागावे हेच तिला सुचत नसे. नोकरी होती, घर होते, माणसे धड होती. अशा बाईने तक्रार करायची तरी कोणत्या तोंडाने?

एक दिवस परत आलेल्या मालातले एक खोके चुकून तिच्या टेबलावर आले. आत वापरलेले बूट आणि एक चिठ्ठी: डावा बूट पुढून ढिला पडतो. सवयीप्रमाणे तिने टाचेला टाच लावली. जोडी अगदी बरोबर होती. मग का कोण जाणे, तिने उजव्या बुटात हात घातला. आतल्या तळाला पाच बोटांचे पाच खळगे पडले होते, अंगठ्याचा खोल, करंगळीचा जेमतेम. डाव्यात हात घातला. चारच. तिने पुन्हा चाचपले. चारच होते.

लाखो बूट तिच्या हातांखालून गेले होते, पण पाय असा एकही नाही. त्या दिवशी पहिल्यांदा कुणाचा तरी पाय हाताला लागला, आणि तोही रिकाम्या बुटात.

"काय झालं ताई?" सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण माणूस सरळ.

"यांच्या पायाला चारच बोटं आहेत."

त्याने दोन्ही बूट हातात घेऊन पाहिले. "जोडी बरोबर आहे ना? मग आपली चूक नाही. टाका भंगारात."

तिने टाकले. नियम तोच होता. पण त्या चार खळग्यांनी तिची पाठ सोडली नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मधेच बोटे आपोआप चाचपल्यासारखी हलत.

त्याच महिन्यात सासूबाईंच्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार, त्यामुळे भरायचे नाव नाही. त्यांना दवाखान्यात नेले, तर डॉक्टर म्हणाले, मागच्या अंगाला बुटांची कार्यशाळा आहे, तिथून मापाचे बूट करून घ्या. दवाखान्याच्या मागे, कपडे धुण्याच्या खोलीपलीकडे, दोन खोल्यांची ती जागा. एक म्हातारा कारागीर बुटक्या स्टुलावर बसून एका माणसाचे पाऊल कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवत होता. इतकी सावकाश, की जणू पाऊल झोपले आहे आणि त्याला जाग येऊ द्यायची नाही. जोडीताई दारातच उभी राहिली. सासूबाईंनी दोनदा कोपर मारले तरी तिला पत्ता नाही.

घरी परतताना ती सासूबाईंना म्हणाली, "आई, त्यांना हाताखाली माणूस हवंय. दारावर कागद लावलाय."

रात्रीच्या जेवणाला हा विषय ताटांबरोबरच वाढला गेला.

"अगं, या वयात लोक आहे ती नोकरी धरून ठेवतात," सासूबाई म्हणाल्या, "आणि तू सोडायला निघालीस?"

"आणि तिथे जाऊन करणार काय?" नवऱ्याने विचारले.

"बूट."

"आत्ता काय करतेस?"

"बूटच."

"मग बदललं काय?"

"तिथे पाय असतात," ती म्हणाली.

नवऱ्याने आईकडे पाहिले, आईने ताटाकडे. मग तो म्हणाला, "मी तेवीस वर्षं मीटर वाचतोय. मला नाही कधी वाटलं, की पाणी पिणाऱ्याचं तोंड बघून यावं."

 तिथे पगार कमी होता, दोन बस बदलून जायचे होते, आणि वय सत्तेचाळीस. या सगळ्यापुढे चार खळगे म्हणजे काय? ती भांडी आवरायला उठली, तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "जाणारच असशील, तर माझे जरा मऊ करायला सांग. आणि काळे नकोत बाई, काळ्यात पाय म्हातारा दिसतो."

सुपरवायझरला सांगितले, तर त्याने लाल टोपली पायाने बाजूला सारली. मग म्हणाला, "दोन महिने तुमची जागा मी कशीबशी रिकामी ठेवतो. तुमच्यासारखी नजर मला कुठे मिळणार? दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत कळवा. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

कार्यशाळेच्या कारागिरालाही दोन महिने पाहायचेच होते. त्याला सगळे काका म्हणत. सत्तरी ओलांडलेला, खांद्यात वाकलेला, बोलणे मोजके आणि तेही तिरके. फळ्यांवर लाकडाचे पाय ओळीने मांडलेले. त्यांना फर्मे म्हणायचे. प्रत्येक माणसाच्या पावलाबरहुकूम एक फर्मा, त्याच्या घोट्याला नावाची चिठ्ठी, आणि त्यावर चढवून बूट शिवायचा. पुढच्या खोलीत माणसे येत. मागच्या खोलीत, पडद्याआड, जोडीताईचे टेबल.

"घासायचं, पुसायचं, नाड्या ओवायच्या," काकांनी पहिल्या दिवशी सांगितले. "कडा बरोबर नसतील तर बरोबर करायच्या. पायाला इतक्यात हात लावायचा नाही."

"का हो काका?"

"बुटाला दुखत नाही म्हणून."

म्हणजे इथेही बूटच. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. तेवढ्या फटीतून तिला पावले दिसत: सुजलेली, वाकडी, पट्टी गुंडाळलेली, एक आत वळलेले, एक टाच न टेकणारे. माणसाचा चेहरा दिसत नसे. काकांचा आवाज ऐकू येई, "इथे दाबलं की कळतं? इथे? इथे कळत नाही ना, मग इथे मला जपायला हवं." ती ऐकत राही आणि हातातला बूट घासत राही. रबराची पूड नाकात, केसांत, डब्यातल्या भातात. दोन बस, परतीच्या दोन बस, आणि संध्याकाळी तीच बादली. नवरा विचारी, "भेटले का पाय?" ती म्हणे, "पडद्याखालून." तो पुढे काही बोलत नसे. बोलला असता तर बरे झाले असते, असे तिला वाटे.

महिना गेला. शीण जागच्या जागीच होता. आता त्यात एक धास्ती मिसळली होती, की आपण चुकलो. एकवीस वर्षांची जागा सोडली आणि इथे पडद्याआड नाड्या ओवत बसलो.

दुसऱ्या महिन्यातला एक गुरुवार. गुरुवारी दुपारी काका वरच्या वॉर्डात मापे घ्यायला जात. जाताना त्यांनी तपकिरी बुटांची एक जोडी तिच्या टेबलावर ठेवली. "न्हाव्याची आहे. संध्याकाळी नेणार. पुसून ठेवा."

तिने बूट उचलले, टाचेला टाच लावली, आणि हात थबकला. डावा उंच होता. चांगला करंगळीच्या नखाएवढा. उलटा करून पाहिला तर टाचेत रबराचा एक थर जास्तीचा. फॅक्टरीत असे व्हायचे. डिंकाच्या टेबलावरचा माणूस गप्पांत रंगला की एकाच बुटाला दोनदा थर लावून मोकळा. असे बूट तिने किती पकडले असतील, गणती नाही. काकांचे वय झाले, हात थरथरतात, झाले असेल. आणि संध्याकाळी गिऱ्हाईक येणार.

डाव्या बुटाच्या नाडीला एक चिठ्ठी बांधलेली होती. ती तिने काढून बाजूला ठेवली. फॅक्टरीतल्या चिठ्ठीवर बुटाचा नंबर असतो, आणखी काही नसते. ती वाचायची असते हे तिला ठाऊकच नव्हते.

तिने चामडे कापायची रापी घेतली, थर अलगद सोडवला, टाच पुन्हा बसवली, कडा घासल्या, मेण लावले. काम इतके सफाईदार झाले, की तिथे कधी थर होता याचा मागमूस उरला नाही. मग तिने जोडी डोळ्यांसमोर धरली. एका रेषेत. महिन्याभरात पहिल्यांदा तिला बरे वाटले. काका आले, बूट कागदात गुंडाळले, न्हावी आला आणि पडद्यापलीकडे दोन विनोद करून घेऊन गेला. बारा वर्षांचे गिऱ्हाईक. घालून दाखव असेही काका म्हणाले नाहीत.

संध्याकाळी तिने बादलीत पाय ठेवता ठेवता नवऱ्याला सांगितले, "आज काकांची एक चूक पकडली मी."

"बघ," तो म्हणाला, "नजर वाया गेली नाही तुझी."

न्हावी परत आला तो महिना संपायच्या आदल्या दिवशी. आवाज आधी आला.

"काका, माझी अब्रू गेली!"

"आता काय झालं?"

"गावभर माझ्या दुकानातून माणसं एक कल्ला वर, एक कल्ला खाली घेऊन फिरतायत. परवा एक नवरदेव येऊन गेला. काल त्याचा सासरा दारात उभा. म्हणतो, पोराचं तोंड वाकडं झालंय की तुझी कात्री? मी आरशात बघतो तर कात्री सरळ, मीच तिरका!"

काका हसले नाहीत. "चाल बघू."

पडद्याखालून तपकिरी बूट इकडून तिकडे गेले. डावे पाऊल टेकताना अंग बुडत होते. जोडीताईच्या हातातला ब्रश थांबला.

"कंबर धरते?"

"रोज. दुपारनंतर उभं राहवत नाही. काउंटरला टेकून कापतो."

"आणि इतके दिवस आला का नाहीस?"

न्हाव्याचे बूट जागेवरच थांबले. मग त्याचा आवाज उतरला. "खरं सांगू काका? दोन्ही बूट सारखे दिसत होते हो. लहानपणापासून माणूस आधी माझ्या टाचेकडे बघतो, मग तोंडाकडे. या दिवसांत कुणी खाली बघितलंच नाही. म्हटलं, दुखतंय तर दुखू दे थोडं. कल्ल्यांनी घात केला, नाहीतर आलोच नसतो."

काकांनी बूट काढून घेतले. कपाटातून चिठ्ठ्यांच्या नकलांची वही निघाली, पट्टी निघाली. मोजण्याचा आवाज नसतो, तरी तिला तो ऐकू येत होता.

"चिठ्ठीवर मी लिहिलंय, डाव्या टाचेला आठ मिलिमीटर वाढ," काका सावकाश म्हणाले. "आणि बुटात काहीच नाही. म्हणजे मी लिहिलं आणि घातलं नाही."

"असू दे हो काका, होतं एखाद वेळी."

"असू कसं दे? चुलीवर दूध विसरलो नाही मी, माणसाचं हाड विसरलो." खुर्ची करकरली. "मागे हात थरथरायला लागले तेव्हा घरी म्हणाले होते, बंद करा आता. मी म्हटलं, हात थरथरला तरी डोकं जागेवर आहे. आता डोकंही गेलं असेल तर इथे बसून मी लोकांची वाट लावायची का? उद्या दुपारी ये. हे नीट करून देतो. मग बघू कुलपाचं."

पडद्याच्या अलीकडे जोडीताई उभी होती. दोन पावले पुढे टाकायची आणि पडदा बाजूला सारायचा, एवढेच. तिने ब्रश टेबलावर ठेवला आणि परत उचलला. थर काढताना कुणी पाहिले नव्हते. कुणाला कधी कळणारही नव्हते. उद्या शेवटची तारीख, पाचच्या आत एक फोन, की परत टेबल, दोन पट्टे, लाल टोपली. तिथे तिची नजर म्हणजे गुण होता. इथे त्याच नजरेने एका माणसाला पंगू करून ठेवले आणि दुसऱ्याला म्हातारा.

काका आत आले, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "आज लवकर जा बाई. मला बरं वाटत नाही."

आणि ती गेली. तोंडातून शब्द न काढता, पिशवी घेऊन निघून गेली.

घरी सासूबाई नव्या बुटांत पाय घालून बसल्या होत्या. कालच मिळालेले, करड्या रंगाचे. "हे बघ, जखमेला लागतच नाही," त्या म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याच्या हातात काहीतरी आहे. बोटं लावली की पायाला कळतं, हा आपला माणूस आहे म्हणून."

जोडीताईने बादली भरली, पण पाय बुडवलेच नाहीत. पाणी निवून गेले.

"उद्या पाचच्या आत फोन करायचाय ना तुला?" नवऱ्याने विचारले. "काय ठरलं?"

"अहो, ती चूक माझी होती," ती म्हणाली, आणि सगळे सांगितले.

त्याने ऐकून घेतले. निवलेली बादली उचलून मोरीत ओतली. शेवटी म्हणाला, "मी एकदा एका म्हातारीच्या घरचा आकडा चुकीचा लिहिला होता. शेजाऱ्याचा तिच्या नावावर. सहा महिने ती बाई ऑफिसात खेटे घालत होती. मला कळलं, तेव्हा मी गप्प बसलो."

"मग?"

"मग काय. अजून त्या गल्लीत गेलो की दुसऱ्या बाजूने चालतो."

सकाळी ती देवापुढे बसली. ओठ सवयीने हलत होते, मन जागेवर नव्हते. मी सांगेन, पण तू त्या म्हाताऱ्याला रात्रभर झोप दिली असशील एवढं कर, असे काहीसे तिने मनात म्हटले, आणि मग आपल्यालाच लाज वाटली, की आपण केलेले देवाला निस्तरायला सांगतो आहोत. ती उठली आणि नेहमीपेक्षा एक बस आधीची पकडली.

काका कार्यशाळेत होते. डोळे लाल. फळ्यांवरचे फर्मे खाली काढून पोत्यात भरायला लागले होते.

"काका, थर तुम्ही घातला होता," ती दारातूनच म्हणाली. दारात सांगितले नसते तर आत गेल्यावर धीर झाला नसता. "मी काढला. त्या गुरुवारी, तुम्ही वॉर्डात होतात तेव्हा. मला वाटलं, चुकून दोनदा लागला. चिठ्ठी मी वाचली नाही."

काकांच्या हातात एक लाकडी पाऊल होते. त्याच्या टाचेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"मी घातला होता?"

"हो. आठ मिलिमीटर. मी सोडवून कचऱ्यात टाकला."

ते खाली बसले. आधी त्यांनी डोळे मिटले, मग दोन्ही हात पालथे-उताणे करून पाहिले. आणि मग जे सुरू झाले ते तिने मुकाट्याने ऐकले. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या! घरी सांगून टाकलं, की दुकान बंद. बायको रडली माझी! आणि काल तुम्ही तिथे पडद्यामागे उभ्या होतात. तोंड होतं ना तुम्हाला?"

"होतं," ती म्हणाली.

"मग?"

"उघडलं नाही."

बोलून बोलून काका थकले. पाणी प्यायले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मीही त्याला चालवून बघितलं नाही. बारा वर्षांचं गिऱ्हाईक म्हणून. चालवलं असतं तर दोन पावलांत कळलं असतं." आणि तिच्याकडे वळून, "तुम्ही एकवीस वर्षं सारखं सारखं करत आलात. देवानं एकाही माणसाचे दोन पाय सारखे केलेले नाहीत, बाई. राजाचे नाहीत आणि हमालाचेही नाहीत. तुमचे तरी आहेत का? काढा चपला."

तिने काढल्या. काकांनी पट्टी लावली नाही, नुसते पाहिले. "उजवा मोठा. आयुष्यभर उजव्या बाजूचं ओझं वाहिलंय तुम्ही. कधी बघितलं होतं?"

नव्हते बघितले. रोज संध्याकाळी बादलीत बुडवत होती, पण बघितले नव्हते.

"फॅक्टरीत परत जायचं असेल तर जा," काका म्हणाले. "पण आधी त्याची टाच भरून द्या. काढली तुम्ही, घालायचीही तुम्हीच."

न्हावी दुपारी दुकान बंद करून आला. त्याला खुर्चीत बसवले, आणि पडद्याच्या अलीकडची बाई पलीकडे आली. ती बुटक्या स्टुलावर बसली. काकांना सांगितले तेच तिने न्हाव्यालाही आपल्या तोंडाने सांगितले, की टाच मी कापली.

तो तिच्याकडे पाहतच राहिला. "ताई, मी एवढी वर्षं लोकांच्या मानेवर वस्तरा धरतो, एकाला ओरखडा नाही. आणि तुम्ही मला न बघता कापलंत?" मग त्याला हसू फुटले. "मीही जोडीच लावतो म्हणा. दोन कल्ले. पण माझ्या गिऱ्हाइकाला निदान आरसा असतो."

त्याचे डावे पाऊल तिने हातात घेतले. पायमोजा काढलेला, थंड, पोटरी बारीक, टाचेला जुना घट्टा. तिला वाटले होते की या क्षणी काहीतरी होईल, मन भरून येईल. तसे काही झाले नाही. पाऊल जड होते, एवढेच. माणसाचे पाऊल इतके जड असते हे तिला ठाऊक नव्हते.

"टेकवा," ती म्हणाली. टाचेखाली रबराच्या पातळ चकत्या एकेक सरकवायच्या, आणि मागून काका कंबर पाहणार. "आणखी एक. थांबा. नाही, काढा अर्धी." पुन्हा उभे करायचे, पुन्हा चालवायचे. "इथे टोचतं?" "थोडं." "इथे?" "आता नाही." आठ मिलिमीटर एकदम सोसेनात. त्या दिवसांनी कंबर आखडली होती, म्हणून आधी सहाच घालायचे, पंधरा दिवसांनी वाढवायचे, असे काकांनी ठरवले. मग कापायचे, घासायचे, लावायचे, वाळू द्यायचे, परत चालवायचे. गुडघे दुखू लागले, पाठीत कळ आली. फॅक्टरीत एवढ्या वेळात तीनशे जोड्या झाल्या असत्या.

तिच्या पिशवीतला फोन वाजला तेव्हा पाचला दहा कमी होते. तिने कोपराने पिशवी उघडली, दोन बोटांनी फोन ओढून गाल आणि खांद्यामध्ये धरला.

"ताई, मी थांबलोय तुमच्यासाठी," सुपरवायझर म्हणाला. "पाचनंतर नाही हं जमायचं."

एका हातात डिंकाचा ब्रश, दुसऱ्या हातात न्हाव्याची टाच. डिंक वाळत होता.

"माझे हात अडकलेत रे," ती म्हणाली. "दुसरं कुणी बघ."

"अडकलेत म्हणजे? मी थांबू का थोडा वेळ?"

"नको. अडकलेलेच राहणारेत." आणि फोन ठेवून तिने टाच दाबून धरली.

काकांनी ऐकले की नाही कळले नाही. ते पोत्यातले फर्मे काढून परत फळीवर लावत होते, आणि दोन चुकीच्या जागी लावले होते, पण तिने काही म्हटले नाही.

न्हावी निघताना खोलीत चार फेऱ्या मारून म्हणाला, "आत्ता बरं वाटतंय. पण माझं खरं माप तुम्हाला उद्या दुकानात कळेल. कल्ले बघा."

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती एक थांबा आधीच उतरली. न्हाव्याचे दुकान रस्त्याच्या पलीकडे होते, ती अलीकडे औषधांच्या दुकानाच्या पायरीपाशी उभी राहिली. दिवसभरात पाच माणसांची पावले कागदावर उतरवली होती, त्यांतली तीन काकांनी फाडून टाकली होती. अंग नुसते मोडून आले होते. घरी भाजी चिरायची होती, सासूबाईंची पट्टी बदलायची होती.

पहिला माणूस बाहेर आला, तो पूर्ण टकला. दुसऱ्याला दाढी, कल्ला कुठे संपतो हेच कळेना. जोडीताई पायरीवर टेकली. आणखी एकाला पाहू आणि निघू, असे करत बस दोनदा येऊन गेली. मग एक उंच तरुण बाहेर आला आणि रस्ता ओलांडून थेट तिच्या दिशेने चालू लागला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, डावा, उजवा, जसे आयुष्यभर पाहिले होते तसे.

उजवा कल्ला केसभर खाली होता. केसभरच. सहा मिलिमीटर घातले होते, दोन राहिले होते.

तो तरुण जवळून गेला, आरशात पाहून आलेला, समाधानी. जोडीताईने चपलेतून उजवा पाय काढला, थोडा वेळ हवेत मोकळा धरला, परत आत घातला. मग पिशवीतून काकांनी दिलेली नवी वही काढली, न्हाव्याचे पान उघडले आणि पेन्सिलीने लिहिले: पंधरा दिवसांनी आणखी दोन. चालवून बघायचे.

तिसरी बस आली, तेव्हा ती उठली.